माहेरचं मागचं दार

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

नवीन डायरी. जानेवारी तयारीत गेला.

आजपासून श्री भैरवनाथ गारमेंट्स बंद. म्हणजे कंपनी चालू, नाव बंद. चाकणच्या कंपन्यांसाठी टी-शर्ट आणि ओव्हरऑल शिवून शिवून मला वीट आला. रेट पाडून मागायचे आणि वर एक बटण ढिलं निघालं की आख्खा लॉट परत. आता आपला स्वतःचा ब्रँड.

भाचा सार्थक वाकडला ब्रँडिंगचं काम करतो. त्याचं म्हणणं, मामा, हल्ली लोक कपडा विकत घेत नाहीत, स्टोरी घेतात. शिवणाऱ्या बाईला नीट वागवतात हे कळलं की शहरातली माणसं डोळे झाकून पैसे टाकतात. मी म्हटलं, नीट तर मी पहिल्यापासूनच वागवतो, बोलून दाखवत नाही एवढंच. स्वभाव एकेकाचा.

नाव मीच सुचवलं. माहेर. सार्थक उडालाच. बायकोला सांगितलं. जयमालानं कुकरची शिट्टी होऊ दिली आणि मग विचारलं की मला माहेरी जाऊन किती वर्षं झाली ते आठवतंय का. विषय काय, ही बोलते काय.

संकल्प: बायांना कामगार म्हणायचं नाही, लेकी म्हणायचं. सगळ्यांना अहो-जाहो करायचं. डायरी रोज लिहायची.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल राहिली. कामं.

अहो-जाहो सुरू केलं. सरूबाईला पहिल्यांदा अहो म्हटलं तर तिनं मशीन थांबवलं आणि शेठ, बरं नाही का, असं विचारलं. सरूबाई आमची सगळ्यात जुनी शिलाईवाली, दापोडीहून येते. माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे, पण लेक म्हणायचं ठरलंय म्हणजे ठरलंय.

तिचं पालुपद तेच. मागचं दार उघडा. तिचं मशीन शेडच्या अगदी टोकाला, त्या दाराला लागून. म्हणते, पत्रा तापतो, वारं नाही, आणि उद्या काही झालं तर एवढ्या बाया पुढच्या एका शटरमधून कशा निघणार. काही झालं तर म्हणजे? काय होणार आहे? असल्या बोलण्यानंच होतं.

गेल्या दिवाळीत कापडाचा एक तागा गायब झाला तेव्हापासून त्या दाराला बाहेरून कुलूप आहे आणि किल्ली माझ्या खिशात. माझा सगळ्यांवर विश्वास आहे. कुलूप फक्त कापडासाठी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कंपनीला सुट्टी. घरी बसून फेअर लेबर पॉलिसी तयार केली. ओव्हरटाइम हा शब्द काढून टाकला. आता मुक्काम म्हणायचं. माहेरी आलेली लेक राहते की नाही दोन तास जास्त? दंड काढला. आता रुसवा. संडासला जाताना सुपरवायझर रोहिदासला सांगून जायचं, तो नियम तसाच, पण त्याला आपुलकी म्हणायचं.

एका दुपारीत एवढी सुधारणा. लोक उगाच कायदे काढत बसतात.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मध्ये गॅप पडली. बिझी.

शेडमध्ये करपल्यासारखा वास येतो म्हणून बायांनी गलका केला. रोहिदासही त्यांच्यात सामील. म्हणतो, शटरजवळच्या मेन बोर्डाला हात लावून बघा, तवा झालाय. मी लावला नाही. मी मालक आहे, वायरमन नाही. बाहेर बंटीच्या वड्याची गाडी आहे, त्याचं तेल जुनं. तसं समजावून सांगितलं. सरूबाई म्हणाली, शेठ, इतकी वर्षं बंटीचे वडे खातेय, ह्यो वास वड्याचा न्हाई.

बंटीला जाऊन झापलं. येताना दोन वडे घेतले. करपलेले नव्हते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बोर्डावरचं एमसीबीचं बटण सारखं पडतं. पडलं की सगळी मशिनं बंद, बाया पदरानं वारा घेत गप्पा मारायला मोकळ्या. आज ओळखीतल्या वायरमनला बोलावून मोठ्या ताकदीचं बटण बसवून घेतलं. तो वायर पण बदला म्हणत होता. ह्या लोकांना एक काम दिलं की तीन काढतात. आता बटण पडत नाही. प्रॉब्लेम सॉल्व्ह.

कुरुळीला एक शेड बघून ठेवलंय. ऑर्डर वाढल्या की तिकडे हलायचं. बायांना एवढ्यात सांगायचं नाही असं रोहिदासला बजावलं. संध्याकाळी बंटी मला विचारत होता, शेठ, कुरुळीला कधी चाललाय.

रोहिदासला रुसवा लावला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सार्थकची आयडिया: विश्वासाची भिंत. जमिनीपासून छतापर्यंत फ्लेक्स, मधोमध माहेरचा लोगो, भोवती सगळ्या लेकींच्या हाताचे रंगीत ठसे. गिऱ्हाईक व्हिडिओ कॉल करेल तेव्हा मागे हीच भिंत दिसणार.

लावायची कुठं? पुढे शटर, दोन्ही बाजूंना मशिनं. राहिली मागची भिंत. तिथं दार आहे, पण बंदच असतं म्हटल्यावर दार काय आणि भिंत काय. लाकडी फ्रेम ठोकून फ्लेक्स ताणून बसवला. फोटोला जागा हवी म्हणून तिथली चिंध्यांची पोती उचलून पुढे, शटरशेजारी बोर्डाखाली रचली. शेड एकदम परदेशी दिसायला लागलं.

ठसे घेताना बाया हसत होत्या. सरूबाईनं हात रंगात बुडवला आणि बरोब्बर दाराच्या कडीच्या जागी ठसा मारला. जागा सोडून तिथंच. मुद्दाम केलं की काय कोण जाणे. लाल रंग खाली ओघळला. सार्थक म्हणाला ऑथेंटिक वाटतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

उपास. साबुदाण्याची खिचडी तीनदा खाल्ली.

प्रत्येक शर्टाला लावायचा टॅग छापून आला. मी सरूबाई, हा शर्ट मी हसत हसत शिवला. फोटो सार्थकच्या ऑफिसातल्या मुलीचा आहे, कारण सरूबाई हसायला तयार नाही. दार उघडा, मग हसते म्हणाली. असल्या अटी घालतात.

वडिलांना, आबांना, शेड दाखवायला नेलं. शेडच्या जागी पूर्वी आमचा गोठा होता, त्यांना कौतुक वाटेल असा हिशेब. आबांनी भिंत हातानं चाचपली. मग विचारलं, मागलं दार कुठं हाय. मी म्हटलं, ह्याच्या मागे. म्हणाले, उन्हाळ्यात कडबा आत आला की आमी गोठ्याचं मागलं दार रातभर उघडं टाकायचो, चोर आला तर आला, मुकी जनावरं हायेत. मी सांगितलं, आबा, ही जनावरं नाहीत, माणसं आहेत. त्यावर आबांनी परत विचारलं, मागलं दार कुठं हाय. ऐकू कमी येतं हल्ली त्यांना.

४ मार्च, मंगळवार

ऐतिहासिक दिवस. मुंबईच्या मोठ्या स्टोअरवाल्या रुपाली मॅडम आल्या. सकाळपासून मोगऱ्याचा स्प्रे मारायला रोहिदासला बसवला होता. तरी त्या वासातून मधूनमधून दुसरा वास यायचाच. बंटीला चार पैसे देऊन गाडी आजच्या दिवसापुरती हलवायला सांगितली होती. हलवली होती त्यानं, मी स्वतः बघितलं. मग वास कुठून येत होता कळलं नाही. वारा फिरला असेल.

मॅडमना मुक्काम आणि रुसवा फार आवडले. मग त्या सरूबाईपाशी थांबल्या आणि माहेर कसं वाटतं विचारलं. सरूबाईनं मॅडमकडे बघून सांगितलं की माहेरी आलेल्या लेकीला बाहेरून कुलूप लावून कोणी बसवत नाही, बाई. मॅडमना ती कविता वाटली. किती सुंदर ओळ, म्हणून मोबाईलमध्ये लिहून घेतली, कॅटलॉगमध्ये टाकणार आहेत. सुटलो!

नऊ तारखेला व्हिडिओ करून पाठवायचा, लेकी मशीनवर बसून हसत काम करताहेत असा. पसंत पडला की ऑर्डर नक्की. सगळं त्या व्हिडिओवर आहे.

७ मार्च, शुक्रवार

उद्या महिला दिन, उद्याच लाँच. प्रत्येक लेकीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. शाली आणल्या तर सार्थकनं नाक मुरडलं. मरून रंग ब्रँडच्या रंगात बसत नाही, फोटोची वाट लागेल. शाली कॅन्सल. नुसती श्रीफळं. साधेपणा हीच तर आपली ओळख.

पोतंभर नारळ आणून चिंध्यांच्या पोत्यांवर ठेवले. बोर्डाजवळ उकडत होतं.

भाषण पाठ केलं. शेवट जबरदस्त आहे. आजपासून तुम्ही इथल्या कामगार नाही, ह्या घरच्या लेकी आहात. जयमालाला म्हणून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, शेवटपर्यंत नीट बोला म्हणजे झालं.

८ मार्च, शनिवार, महिला दिन

लाँच ग्रँड. लाइटिंग, स्पीकर, दोन मोठे हॅलोजन. भाषण रंगात आलं होतं. आजपासून तुम्ही इथल्या कामगार नाही, एवढं म्हटलं आणि बोर्डातून चट्‌ असा आवाज. स्पीकर बंद, पंखे बंद. पुढचं वाक्य मी पूर्ण केलं, पण पत्र्याच्या शेडमध्ये बिनमाइकचं कुणाला काय कळणार. मग वेळ नको जायला म्हणून लगेच एकेकीला पुढं बोलावून हातात नारळ दिला आणि नमस्कार केला.

बाया भारावून गेल्या होत्या. दोघी-तिघींच्या तर डोळ्यांत पाणी. सरूबाईनं नारळ घेतला, कानाशी धरून हलवला, पिशवीत टाकला. मग आपली कात्री आणि टिफिनचा डबासुद्धा पिशवीत टाकला. बाकीच्यांनी पण तसंच केलं. मी म्हटलं, सुखानं घरी जा.

इतका मान त्यांना आजवर कुणी दिला नसेल. मलाच भरून आलं.

वीज थोड्या वेळानं आली. आपोआप. चांगलं लक्षण.

९ मार्च, रविवार, सकाळी साडेनऊ

एकही लेक आली नाही. एकही! व्हिडिओ आज, हॅलोजन आज, आणि मशिनं रिकामी. महिला दिनाची सुट्टी आपल्या मनानं वाढवली. डोक्यावर चढवून ठेवलं की हेच होतं.

रोहिदासला बघायला पाठवलं.

सकाळी अकरा

रोहिदासचा फोन. बाया म्हणतात, आम्हाला मालकांनी काढून टाकलं. मी म्हटलं, कोण म्हणतं? तर म्हणे, मालक स्वतः माइकवरून म्हणाले की आजपासून तुम्ही इथल्या कामगार नाही, आणि हातात नारळ दिला. कुरुळीला शेड घेतलंय, तिकडे नवीन बाया घेणार, आमचा पत्ता कट. नारळ दिला म्हणजे काढलं, हे शेंबडं पोर पण सांगेल, आम्हाला काय मराठी कळत नाही का.

कपाळावर हात मारून घेतला. अरे, तो सत्काराचा नारळ! शाल नसली म्हणून काय झालं!

रोहिदासला सांगितलं, सगळ्यांना घेऊन ये, मी समजावतो. तोपर्यंत सार्थक म्हणतो, आपण वेळ घालवायचा नाही. सगळी मशिनं, पंखे, हॅलोजन चालू करू, गजबजलेलं वाटेल. विश्वासाच्या भिंतीसमोर सरूबाईच्या मशीनवर मी बसायचं. मालकसुद्धा शिवतो. आयडिया झकास आहे. माझा चांगला अँगल उजवीकडून.

परत तो वास. बंटी आज आलेला दिसत नाही, तरी. असो, आधी व्हिडिओ.

११ मार्च, मंगळवार, हॉस्पिटल

डॉक्टर म्हणतात, धूर छातीत गेलाय, बोलायचं नाही. लिहायला हरकत नाही.

घडलं ते असं. मी मशीनवर बसून उजवीकडे बघत होतो तेवढ्यात बोर्ड पेटला. चिंध्यांची पोती भसाभस पेटली. शटरकडे जायची सोय उरली नाही. मी अजिबात घाबरलो नाही. सार्थकला शांतपणे मागच्या दाराकडे नेलं. सार्थकचं म्हणणं आहे की मी आई आई ओरडत त्याच्या अंगावरून धावत गेलो. धुरात त्याला दिसलं नसणार.

फ्लेक्स फाडला. लाकडी फ्रेम उपटली, हाताला खिळा लागला. दार होतंच. किल्ली खिशात होती. कुलूप बाहेरून. किल्ली हातात घेऊन मी दार आतून बडवत होतो. कुलपाला आतून भोकच नाही, हे आजवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात यायचं कारणच काय?

धूर पत्र्यापासून खाली यायला लागला. तिथं मला वाटलं की संपलं. हे खोडायला हवं. मला तसं काही वाटलं नाही.

बाया रोहिदासबरोबर आल्या होत्या, जाब विचारायला. पुढून धूर बघून सरूबाई बोळातून मागं पळाली. आतून बडवल्याचा आवाज आला तेव्हा दगड उचलला आणि कुलूप फोडलं. निम्मं दार मी आतून लाथा मारून खिळखिळं केलंच होतं.

मी बाहेर पडलो तो तिच्या पायाशीच. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, पाणी पाजलं. माझ्या मुठीतली किल्ली तिला दिसली. ती हळू आवाजात म्हणाली, शेठ, काल आम्ही समद्या आत होतो. मग विचारलं, आता तेवढं सांगा, आमाला नारळ दिला का नाही?

घशात धूर होता. बोलता येईना. मी मान हलवली. नक्की कशी हलवली ते आठवत नाही.

१३ मार्च, गुरुवार, होळी

घरी सोडलं. सोसायटीची होळी खाली पेटली. मी गेलो नाही. खिडक्या लावून घेतल्या. घशाला त्रास होतो.

रुपाली मॅडमचा मेसेज: स्टोरी खूप आवडली, सध्या थांबू या. आवडली म्हणाल्या हे महत्त्वाचं.

आबा रात्री खोलीत येऊन बसले. जाताना माझ्या खोलीचं दार लावलं नाही, उघडंच ठेवलं.

२४ मार्च, सोमवार

शॉर्ट सर्किट. नशीब, दुसरं काय. चिखलीचं हे जुनं शेड जळून गेलं, पण कुरुळीचं तयार आहे. पाडव्याचा मुहूर्त धरला. रोहिदासला लेकींना बोलवायला पाठवलं. माझा राग नाही असं मुद्दाम सांगायला सांगितलं.

रोहिदास एकटाच आला. बाया सगळ्या मिळून दापोडीच्या एका युनिटला लागल्या. तिथं म्हणे सरूबाईनं आधी जाऊन दोन्ही दारं उघडून बघितली आणि मगच बाकीच्यांना घेऊन गेली. रोहिदासनं पिशवीतून नारळ काढून माझ्यापुढं ठेवला. सरूबाईनं तुम्हाला दिलाय, म्हणाला. मग तोही निघाला, त्यालाही तिकडंच बोलावलंय.

नवीन शेडच्या मुहूर्ताला आठवणीनं नारळ पाठवला. शेवटी लेकीच त्या. जयमालाला दाखवला. ती हसायला लागली आणि हसता हसता डोळ्याला पदर लावून आत निघून गेली. मग आतून तिच्या माहेरी फोन लावल्याचा आवाज आला. चार दिवस जाणार आहे म्हणे.

३० मार्च, रविवार, पाडवा

माहेर, कुरुळी. मुहूर्त केला. सरूबाईचा नारळ फोडला. नासका निघाला. खराब नारळ शुभ असतो म्हणतात, कोण म्हणतं ते आठवत नाही.

नवीन बाया मिळाल्या, बहुतेक लातूरकडच्या, गरीब, कामाला वाघ. अजून कुणी दाराचा विषय काढलेला नाही. काढण्यासारखं काही नाहीच. मागच्या दाराला नवीन कुलूप घातलं. जुनं एका दगडात तुटलं होतं, असलं कुलूप काय कामाचं? हे जाड आहे, पोलादी. दुकानदार म्हणाला, घणानंही तुटत नाही. किल्ली माझ्या खिशात, म्हणजे काळजी नको. सार्थकला नवीन विश्वासाची भिंत करायला फोन केला, उचलत नाही.

माझं टेबल मात्र शटरच्या अगदी बाहेर मांडलं. आत नको वाटतं. हवा बरी लागते इथं.

दुपारी एक बाई येऊन घाबरत घाबरत म्हणाली, मालक, आत कायतरी करपल्यावानी वास येतोय. मी तिला हसून सांगितलं, लेकी, वड्याच्या गाडीचा असतो तो.

संध्याकाळी निघताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. इथं वड्याची गाडी नाही.

एवढ्या बाया कामाला आल्यात म्हटल्यावर लागेल एखादी.